बंदीचा कागद कुठे आहे?

तनुल ठाकूर या सिनेसमीक्षकाने २०११ साली 'डाउरी कॅलक्युलेटर' नावाचं एक छोटं संकेतस्थळ सुरू केलं. नवऱ्या मुलाचं वय काय, जात कोणती, नोकरी कसली, पगार किती, शिकला कुठे, असे प्रश्न त्यावर एकामागोमाग यायचे. उत्तरं भरून बटण दाबलं की या मुलाला हुंडा किती मिळायला हवा, तो आकडा समोर यायचा. लग्नाच्या बैठकीत जे दबक्या आवाजात ठरतं, ते उघड्यावर मांडून त्याची लाज वाटायला लावणारी ही टवाळी होती. २०१८ मध्ये हे संकेतस्थळ भारतात उघडेनासं झालं. चालवणाऱ्याला नोटीस नाही, पत्र नाही, साधा ईमेलसुद्धा नाही. माहितीच्या अधिकारात विचारलं तर आदेश गोपनीय असल्याचं उत्तर आलं. अखेर तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. मे २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारला सांगितलं, की या माणसाला बंदीच्या आदेशाची प्रत द्या आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्या.

आपलं लिखाण कशासाठी बंद झालं एवढं कळायलाच जवळपास चार वर्षं आणि एक याचिका लागली. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद त्यानंतरचा.

सरकारने इंटरनेटवरचं काय बंद करावं आणि काय करू नये, यावर आपल्याकडे हिरिरीने बोललं जातं. बोलायलाच हवं. पण मला त्याच्या आधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. बंद केलं, तर तो आदेश कुठे आहे? त्यावर सही कोणाची, कारण काय दिलंय, आणि ज्याचं लिखाण गेलं त्याला तो मिळाला का? अतिक्रमणावर हातोडा टाकायचा तरी नगरपालिकेला आधी भिंतीवर नोटीस डकवावी लागते. लेख, व्हिडिओ किंवा अख्खं संकेतस्थळ पाडताना मात्र भारत सरकार पुष्कळदा तेवढंही करत नाही.

हे कसं घडतं ते समजून घ्यायचं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याकडे जावं लागतं. मूळ कायदा २००० सालचा. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि लोकसभेने ती चर्चेविना मंजूर केली. त्या दुरुस्तीतून आलेल्या कलमांपैकी दोन इथे महत्त्वाची. एक होतं ६६अ, ज्याची कहाणी पुढे येईल. दुसरं ६९अ. देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि या बाबींशी संबंधित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी, एवढ्या कारणांसाठी केंद्र सरकार इंटरनेटवरची कोणतीही माहिती लोकांपासून रोखू शकतं. कंपनीने आदेश पाळला नाही तर जबाबदार माणसाला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बदनामी, अश्लीलता, न्यायालयाचा अवमान ही कारणं अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्याची मुभा देणाऱ्या संविधानाच्या कलम १९(२) मध्ये आहेत, ६९अ मध्ये नाहीत. हुंड्याची थट्टा यातल्या कोणत्या कारणात बसते, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

कागदावरची कार्यपद्धती वाईट नाही. २००९ च्या नियमांनुसार प्रत्येक मंत्रालयात आणि राज्यात एक समन्वय अधिकारी असतो. तो बंदीची मागणी इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे पाठवतो. कायदा, गृह, माहिती व प्रसारण ही खाती आणि सायबर सुरक्षेची 'सर्ट-इन' ही संस्था यांच्या प्रतिनिधींची समिती ती तपासते. संबंधिताला बाजू मांडायला किमान ४८ तास द्यायचे असतात. मंजुरी विभागाच्या सचिवांची. तातडीची गरज असेल तर सचिव आधी बंदी घालू शकतात, मात्र ४८ तासांच्या आत प्रकरण समितीपुढे यायला हवं. शिवाय एक आढावा समिती दर दोन महिन्यांनी किमान एकदा बसून हे सगळे आदेश पाहते. पायऱ्या भरपूर आहेत. फक्त प्रत्येक पायरीवर सरकारी अधिकारीच आहेत. न्यायाधीश नाही, बाहेरचा कोणी नाही.

आणि मग येतो नियम १६. आलेल्या तक्रारी आणि त्यांवरची कारवाई यांबद्दल कडक गोपनीयता पाळावी, एवढंच तो सांगतो. या एका ओळीने वरच्या सगळ्या पायऱ्या अंधारात जातात.

प्रमाणही लहान नाही. संसदेत दिलेल्या उत्तरांनुसार ६९अ खाली २०१४ मध्ये ४७१ दुवे बंद झाले. २०१८ मध्ये हा आकडा २,७९९ होता, २०२० मध्ये ९,८४९ आणि २०२१ मध्ये ६,०९६. यांत दहशतवादी प्रचाराचे दुवे असतील, फसवणुकीचे असतील. त्यांच्याबद्दल कोणी अश्रू ढाळणार नाही. पण त्यांत कार्टून किती, बातम्या किती, पत्रकारांची खाती किती, हे तुम्ही-मी मोजू शकत नाही, कारण यादीच जाहीर होत नाही.

सामान्य वापरणाऱ्याला बंदी कशी दिसते, हेही पाहण्यासारखं आहे. यूट्यूबवर एखादा व्हिडिओ उघडला की राष्ट्रीय सुरक्षा किंवा सुव्यवस्थेशी संबंधित सरकारी आदेशामुळे तो या देशात उपलब्ध नाही, अशी पाटी दिसते. 'एक्स'वर खातं भारतापुरतं झाकलं जातं. दुबईत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या भावाला तेच खातं व्यवस्थित दिसतं. संकेतस्थळांचं आणखी निराळं. दूरसंचार विभाग इंटरनेट कंपन्यांना यादी पाठवतो आणि प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ती अमलात आणते. कोणी संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधण्याच्या टप्प्यावरच खोटं उत्तर देतं, कोणी जोडणी सुरू होताना तुम्ही मागितलेलं नाव वाचून ती मध्येच तोडतं. बेंगळुरूच्या 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी'च्या संशोधकांनी तपासून दाखवलं, की एका कंपनीच्या जोडणीवर बंद असलेली संकेतस्थळं दुसरीच्या जोडणीवर सर्रास उघडतात. आदेश एकच असेल तर फरक का पडावा? पुष्कळदा पडद्यावर कसलीच पाटी येत नाही, पान नुसतं फिरत राहतं. वाचणाऱ्याला वाटतं, नेटवर्क गेलंय. सरकारने काही काढून घेतलंय याचा त्याला पत्ताच लागत नाही.

आता ६६अ कडे. १७ नोव्हेंबर २०१२ ला शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं आणि मुंबई ठप्प झाली. पालघरच्या एका तरुणीने हा बंद कशासाठी, असा प्रश्न फेसबुकवर विचारला. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला 'लाइक' केलं. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. एक प्रश्न आणि एक लाइक यांसाठी दोन मुलींना पोलीस ठाण्याची आणि कोर्टाची पायरी चढावी लागली, तीही आपल्या महाराष्ट्रात. देशभर संताप उसळला, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, पुढे प्रकरणही बंद झालं. या अटकेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या दिल्लीच्या तरुणीने थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली.

कलम ६६अ मध्ये 'त्रासदायक', 'गैरसोयीचं', 'अतिशय आक्षेपार्ह' अशा शब्दांवर तीन वर्षांची कैद होती. कोणाला त्रास, किती गैरसोय, याची व्याख्या कुठेही नव्हती. २४ मार्च २०१५ ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी ते कलम रद्द केलं. चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं. पहिल्या दोहोंना, ती कितीही कटू असली तरी, संविधानाचं संरक्षण आहे आणि कायदा फक्त तिसऱ्या टप्प्यावर हात घालू शकतो, असं न्यायालयाने सांगितलं. भारतातल्या इंटरनेट स्वातंत्र्याचा हा सर्वांत मोठा निकाल, आणि त्याची सुरुवात पालघरच्या एका लाइकपासून झाली.

याच निकालाने ६९अ मात्र वैध ठरवलं, हे आपण फारसं लक्षात ठेवत नाही. का ठरवलं, हे तर त्याहून कमी लोकांना माहीत असतं. न्यायालयाचं म्हणणं असं, की या कलमात संरक्षणं आहेत. कारणं लेखी नोंदवावी लागतात, त्यामुळे उच्च न्यायालयात त्यांना आव्हान देता येतं. मजकूर लिहिणारा सापडत असेल तर केवळ कंपनीचंच नव्हे, त्याचंही ऐकून घ्यायचं असतं. म्हणजे या कलमाला जीवदान मिळालं ते लेखी कारणं आणि सुनावणी या दोन आधारांवर. ते आदेश त्या माणसाला दाखवायचेच नसतील, तर तो आव्हान कशाला देणार? सुनावणीची नोटीस फक्त अमेरिकेतल्या कंपनीला जात असेल, तर नांदेडच्या माणसाचं ऐकणार कोण? माझ्या मते ज्या पायावर ६९अ उभं आहे तो पायाच नियम १६ ने पोखरला आहे. 'सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर' या संस्थेने असाच आक्षेप घेणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने त्यावर सरकारला नोटीस काढली.

मेलेल्या ६६अ चीही एक पुढची गोष्ट आहे. कलम रद्द झाल्यावरही देशभरातली पोलीस ठाणी त्याखाली गुन्हे नोंदवतच राहिली. जुलै २०२१ मध्ये हे समोर आलं तेव्हा न्यायमूर्ती नरिमन यांना धक्काच बसला, आणि तो त्यांनी भर न्यायालयात बोलून दाखवला. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला नव्याने सांगावं लागलं, की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका. साडेसात वर्षं निकाल दिल्लीत होता आणि ठाण्याच्या टेबलावर जुनाच कायदा.

इंटरनेटवर बोलणारा आणि सरकार यांच्या मध्ये नेहमी एक तिसरा असतो. कायदा त्याला मध्यस्थ म्हणतो. फेसबुक, यूट्यूब, इंटरनेट जोडणी देणारी कंपनी हे सगळे मध्यस्थ. लोक काय लिहितात याची शिक्षा मध्यस्थाला होऊ नये म्हणून कलम ७९ त्याला संरक्षण देतं. पण सरकारने कळवल्यावरही मजकूर काढला नाही, तर ते संरक्षण जातं. लेखकाला हात न लावता त्याचं लेखन थांबवण्याचा हा मार्ग आपल्या इतिहासाला नवा नाही. १९१० च्या प्रेस कायद्याने इंग्रज सरकारने छापखान्याच्या मालकाकडून जामीन म्हणून रक्कम ठेवून घ्यायला सुरुवात केली. मजकूर सरकारला खटकला तर रक्कम जप्त. लेखक धाडसी असला तरी छापखानेवाला कचरायचा, आणि सरकारला तेवढं पुरायचं. शिवराम महादेव परांजपे यांचा 'काळ' हा याच कायद्याने मागितलेल्या जामिनापायी १९१० मध्ये बंद पडला. टिळकांना मंडालेला पाठवताना निदान खटला चालला, आरोपपत्र होतं, ज्यूरी होती, टिळकांचं निवेदन आजही वाचता येतं. 'काळ' संपवायला खटल्याची गरज पडली नाही.

श्रेया सिंघल निकालात कलम ७९ लाही मर्यादा घातली होती: न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची रीतसर सूचना आली, आणि तीही संविधानातल्या कारणांसाठी असली, तरच मध्यस्थावर मजकूर काढण्याची सक्ती. पण या 'सरकारच्या सूचने'तून पुढे भलामोठा दरवाजा उघडला. २०२१ च्या नियमांनी अशा सूचनेनंतर मजकूर काढायला ३६ तास दिले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने 'सहयोग' हे पोर्टल सुरू केलं. त्यावरून केंद्र आणि राज्यांच्या यंत्रणा, पोलीससुद्धा, कंपन्यांना थेट सूचना धाडू शकतात. ६९अ मधली समिती इथे नाही. 'एक्स' कंपनीने याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये सरकारने नियम बदलले: सूचना देणारा अधिकारी सहसचिव किंवा पोलीस उपमहानिरीक्षक दर्जाच्या खालचा नसावा, सूचनेत कायदेशीर आधार आणि कारण लिहिलेलं असावं, दरमहा आढावा व्हावा. सुधारणा चांगली आहे, तिचं स्वागत करायला हवं. पण कारण लिहून ते कंपनीला कळवलं तरी ज्याचं लिखाण गेलं त्याच्या हाती काय येतं? पुन्हा तेच, काही नाही.

मे २०२५ मध्ये, पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर भारत-पाक संघर्ष पेटला असताना, 'एक्स'ने जाहीर केलं की आठ हजारांहून अधिक खाती भारतात रोखण्याचे आदेश आपल्याला मिळाले आहेत आणि बहुतेक प्रकरणांत त्या खात्यावरचा नेमका कोणता मजकूर कायदा मोडतो हे सांगितलेलंच नाही. युद्धसदृश काळात खोट्या बातम्यांचा धोका खरा असतो, हे मला मान्य आहे. पण एखादी खोटी पोस्ट काढणं आणि अख्ख्या माणसाचं तोंड बंद करणं यांत फरक आहे. आजची पोस्ट चुकली म्हणून उद्याचं, परवाचं न लिहिलेलं लिखाणही आधीच गुन्हेगार ठरतं. 'द वायर' या वृत्तसंस्थळाचं पानही त्याच आठवड्यात भारतात काही काळ उघडत नव्हतं.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने या बाबतीत मोलाचं काम केलं आहे, आणि मराठी वाचकाला ते तपशिलात माहीत असायला हवं. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियमांत एक दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीची कोणती माहिती 'बनावट, खोटी किंवा दिशाभूल करणारी' आहे हे सरकारचाच एक सत्यशोधन कक्ष ठरवणार, आणि त्याने ठपका ठेवलेला मजकूर समाजमाध्यमांनी चालू ठेवला तर त्यांचं कायदेशीर संरक्षण जाणार. विनोदी कलाकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि नियतकालिकांची संघटना न्यायालयात गेले. कामराचं म्हणणं सरळ होतं: राजकीय व्यंग हा माझा व्यवसाय आहे, आणि व्यंगात अतिशयोक्ती असतेच.

जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठात मतभेद झाले. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्यायमूर्ती नीला गोखले यांनी तो वैध मानला. तिसऱ्या न्यायाधीशांचा निर्णय येण्याआधीच २० मार्चला केंद्राने पत्र सूचना कार्यालयाचा (पीआयबी) कक्ष अधिसूचित करून टाकला, तेव्हा लोकसभा निवडणूक तोंडावर आली होती. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २० सप्टेंबर २०२४ ला न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी पटेल यांच्या बाजूने कौल दिला. 'बनावट, खोटी, दिशाभूल करणारी' या शब्दांना व्याख्या नाही, हा एक मुद्दा. दुसरा अधिक मूलगामी: नागरिकांपर्यंत फक्त खरी माहिती पोचेल हे पाहणं ही राज्याची जबाबदारी नाही, कारण अभिव्यक्तीच्या हक्कात 'सत्याचा हक्क' असा वेगळा हक्क सामावलेला नाही. पहिल्यांदा ऐकताना हे विचित्र वाटतं. पण क्षणभर विचार करा. सरकारच्या योजनेवर टीका झाली, आकडेवारीवर वाद झाला, तर त्या वादात एक पक्ष सरकारच असतं. त्याच पक्षाला पंच नेमायचा अधिकार दिला तर उरतं काय? छापील वर्तमानपत्रातली तीच बातमी चालते आणि तीच समाजमाध्यमावर आली की सरकारच्या कक्षापुढे उभी राहते, ही विसंगतीही या खटल्यात पुढे आली.

सरकारी बंदीला विरोध करणाऱ्यांना एक प्रश्न विचारला जातो आणि त्याला बगल देता कामा नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं मंगळवेढ्याकडून आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव पसरली होती. शब्दांनी माणसं मरतात, याहून ठळक पुरावा नको. पण ६९अ चं कोणतंही बटण त्या दिवशी उपयोगाचं नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश दोन फोनांच्या मध्ये कुलूपबंद असतो, त्याचा बंद करता येईल असा दुवाच नसतो. त्या महिन्यात खरा उपाय आला तो वेगळ्याच दिशेने: भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा कंपनीने घातली. कोणाचंही मत न तपासता अफवेचा वेग कमी झाला. गावात वेळेवर पोचणारा पोलीस, अफवा खोटी असल्याचं स्थानिक बोलीत सांगणारा तलाठी, याही गोष्टी त्यात आल्या. बंदी हे सर्वांत सोपं हत्यार आहे, म्हणून ते सर्वांत आधी उचललं जातं.

मग रेषा कुठे ओढायची? याचं एक चांगलं उत्तर आपल्याच मातीत, नागपुरात, स्वातंत्र्याच्या तोंडावर दिलं गेलं. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल प्रकरणात कसोटी घातली: शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या नजरेने, प्रत्येक विरोधी मतात धोका शोधणाऱ्या कमकुवत मनाच्या नजरेने नव्हे. १९८८ मध्ये गोविंद निहलानींच्या 'तमस' मालिकेवर बंदी मागितली गेली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावून ती दूरदर्शनवर चालू दिली. आणि मार्च २०२४ मध्ये तीच कसोटी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका काश्मिरी प्राध्यापकाच्या कामी आली. त्याने व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर ५ ऑगस्टला, म्हणजे कलम ३७० हटवलं त्या दिवसाला, काळा दिवस म्हटलं होतं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. त्याच्यावर दोन समाजांत तेढ वाढवल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी गुन्हा रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि अभिव्यक्तीचा अर्थ आता आपल्या पोलीस यंत्रणेला शिकवण्याची वेळ आली आहे, असं त्यांनी लिहिलं. तो स्टेटस तुम्हाला-मला आवडेल की नाही, हा इथे मुद्दाच नाही.

आदेश जाहीर केल्याने देश बुडत नाही, हेही न्यायालयानेच दाखवून दिलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झालं. 'काश्मीर टाइम्स'च्या संपादक अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा सरकार आदेशांच्या प्रतीही सहज पुढे करेना. जानेवारी २०२० च्या निकालाने बंदी लगेच उठली नाही. फोरजी परतायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. पण एक तत्त्व ठाम झालं: इंटरनेट बंदीचा प्रत्येक आदेश प्रसिद्ध करायचा, म्हणजे बाधित माणसाला न्यायालयात जाता येईल. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात, फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आंदोलनाच्या वेळी जालना-बीडकडे इंटरनेट बंद झालं तेव्हा यूपीआयवर चालणारी दुकानं आणि ऑनलाइन अर्ज भरणारी मुलं अडकली. अशा वेळी निदान आदेश मागण्याचा हक्क आज आहे. संपूर्ण जिल्ह्याचं इंटरनेट बंद करण्याचा आदेश जाहीर करता येतो, मग एका संकेतस्थळाच्या बंदीचा का नाही? एखाद्या प्रकरणात खरोखर गुप्त काही असेल तर तेवढा भाग झाकावा आणि बाकीचा कागद द्यावा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० मध्ये नेमकी हीच सोय आहे.

तुमचा लेख, व्हिडिओ किंवा खातं असं अचानक नाहीसं झालं तर गप्प बसू नका. पाटीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवरून आणि परदेशातल्या कोणाकडून उघडून पाहा, म्हणजे बंदी की बिघाड ते कळेल. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारा, की आदेश कोणाचा आणि कोणत्या कलमाखालचा. दहा रुपयांत माहितीचा अर्ज इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे करा. तीस दिवसांत नकार आला तर अपील करा. नियम १६ दाखवून नकार मिळाला, तर तो नकारही कागदच आहे, उच्च न्यायालयात तो कामी येतो. आणि तुमचं काहीच बंद झालं नसलं तरी आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला एक पत्र लिहा, मराठीत लिहिलंत तरी चालेल: २००९ च्या नियमांतला नियम १६ काढा, बंदीच्या आदेशाची प्रत लिहिणाऱ्याला द्या, आणि दरवर्षी बंद केलेल्या दुव्यांची यादी कारणांसह संसदेच्या पटलावर ठेवा.